आकडा कुठल्या जागेचा

गल्लीत कूलरच्या लाकडी किसाच्या जुन्या ताट्या बाहेर पडू लागल्या आहेत. काळ्या पडलेल्या, खारवलेल्या, हात लावला की भुगा होऊन गळणाऱ्या. समोरचे काका आपला कूलर अंगणात आडवा पाडून त्याचं पोट खरवडत बसलेत, आणि दोन घरं सोडून कुणीतरी नव्या ताटीवर पहिलं पाणी सोडलंय. त्या पहिल्या पाण्याचा वास वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या माझ्या दुकानापर्यंत येतो. ओल्या लाकडाचा, थोडासा रानाचा. लहानपणी मला हा वास फार आवडायचा. शाळेला सुट्टी, कैरीचं पन्हं, गच्चीवरची झोप, सगळं त्या वासाच्या मागोमाग यायचं. यंदा तो वास आला आणि मी उठून दुकानाचं दार लावून घेतलं. चिडचिड झाली. कुणावर, ते सांगता येत नाही. उन्हाळ्यावर चिडून करणार तरी काय? आमच्याकडे तो घरच्या जावयासारखा येतो, मुक्काम ठोकतो, आणि कधी जाणार हे विचारायची सोय नसते.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. नवं गिऱ्हाईक आलं की आधी माझ्या खांद्यावरून आत डोकावतं आणि विचारतं, दुरुस्तीवाले भाऊ कधी येतील. मी म्हणते, ते काही यायचे नाहीत, मशीन ठेवा. माझे मिस्टर शाळेत भूगोल शिकवतात. स्क्रू ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा हेही त्यांना सांगावं लागतं, पण ते दारात दिसले की लोक मशीनचं दुखणं त्यांनाच सांगू लागतात आणि तेही मान हलवत ऐकून घेतात. असो. उन्हाळा हा माझा हंगाम. कुणाचा कापसाचा असतो, कुणाचा संत्र्याचा, माझा बंद पडलेल्या मशिनींचा. कोचिंग क्लासवाले, फोटो स्टुडिओवाले, कृषी केंद्रवाले, सगळे एप्रिल अर्धा झाला की फोन करू लागतात आणि सगळ्यांची तक्रार एकच, चालता चालता आपोआप बंद पडतं. पंचेचाळीस डिग्रीत टिनाच्या छपराखाली ठेवलेलं यंत्र दुसरं काय करणार? माणूस निदान सावलीला तरी सरकतो.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी ठरवलं, मशीन मेल्यावर धावण्यापेक्षा तिला आधीच बोलतं करावं. प्रत्येक मदरबोर्डवर एक छोटी चिप असते. ती सारखी मोजत असते, इथे किती ताप, तिथे किती व्होल्टेज, पंखा किती वेगाने फिरतोय. तिचे आकडे दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम मिळतो. तो बसवायचा, मर्यादा ठरवून द्यायची, आकडा तिच्यावर गेला की मशीन बोंब मारते आणि माणूस वेळेवर ती बंद करतो. ऐकायला सोपं. गोम अशी, की चिपला आकडा कळतो, जागा कळत नाही. तिच्याकडे येणारी पहिली तार प्रोसेसरपासून आली की बोर्डाच्या कोपऱ्यातून, हे फक्त बोर्ड बनवणाऱ्याला ठाऊक, आणि तो बहुतेकदा सांगत नाही. तीच चिप एका बोर्डावर पहिल्या तारेने प्रोसेसरचा ताप सांगते, दुसऱ्या बोर्डावर त्याच तारेने कोपऱ्यातला. म्हणून एकेका बोर्डासाठी वेगळी फाइल लिहावी लागते. पहिला आकडा अमक्या जागेचा, दुसरा तमक्या जागेचा, तिसऱ्याला इतक्याने गुणा.

जगभरातल्या माझ्यासारख्या रिकामटेकड्यांनी अशा फाइली लिहून इंटरनेटवर ठेवल्या आहेत, पण ज्या बोर्डाची फाइल त्याच बोर्डाला चालते. एकदा नावात एका अक्षराचा फरक असलेला बोर्ड सापडला. सख्खी बहीण समजून मी तिची फाइल हिला लावली, तर बारा व्होल्टच्या जागी सात दिसू लागले. सात व्होल्टवर ती मशीन सुरूच झाली नसती, आणि ती माझ्यासमोर मजेत भजनं वाजवत होती. तेव्हापासून मी बहिणीबिहिणींवर विश्वास ठेवणं सोडलं. मग उरतो तो हाताचा मार्ग. पंखा पेन्सिलीच्या खोडरबराने क्षणभर अडवायचा आणि कुठला आकडा चढतो ते पाहायचं. लग्नात आलेला हेअर ड्रायर, जो केसांना कधी लागला नाही, तो बोर्डाच्या एकेका कोपऱ्यावर धरायचा. मीटरने व्होल्टेज मोजायचं, मग भागाकार करत बसायचं. एकेक बोर्ड अशी सकाळ खातो.

आणि काही जागांना तर तारच जोडलेली नसते. चिपची ती बाजू मोकळीच असते, तरी ती आकडा देते. कधी शंभराच्या वरचा, कधी शून्याच्या खालचा, तो कळतो तरी. लबाड असतो तो शांत आकडा. पस्तीस, छत्तीस. सकाळी तेवढाच, भर दुपारी तेवढाच. नवा माणूस बघतो आणि निर्धास्त होतो.

माझा थोरला भाऊ, दादा, हिंगणीला भाजी पिकवतो. पिकवायचा. बोर धरणाच्या कालव्याचं पाणी, विहीर, आणि रानडुकरांपासून वाचेल तेवढी भेंडी, वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी वर्ध्याला माल उतरवला की तो माझ्या दुकानात यायचा, पिशवी टेबलावर ठेवायचा आणि स्टुलावर बसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा. मागच्या एप्रिलात तो असाच आला तेव्हा मी एका बोर्डावर ओणवी होते, हातात पेन्सिल, डोळे स्क्रीनवर. तिसरा आकडा चढू लागला. मी पंखा सोडला आणि फाइलीत लिहिलं, तिसरा प्रोसेसरचा. दादाला ह्या कामाची फार गंमत वाटली. वांग्याला कीड लागली की तो जशी मान तिरपी करून पानं बघतो, तशी मान करून तो बोर्डाकडे बघत होता.

"गरम झालं हे तिले समजते ना? मंग कुठं झालं, हे काऊन नाई समजत?"

मी म्हटलं, तिला तारेवरून निरोप येतो, पण ती तार कुठून आली हे तिला माहीत नसतं. त्यावर तो म्हणाला की आपल्या आईचंही असंच होतं. दुखतं म्हणायची, कुठे ते सांगायची नाही, आणि आपण तिच्या कपाळाला बाम चोळत बसायचो. मग त्याने पाय उचलून आपली टाच बोटांनी वाजवली.

"अन् हे पाह्य. हे त बिना तारेचे झाले. काहीच लागत नाई आता. लोखंड झालं."

आम्ही दोघं हसलो. मी चहा ठेवला.

त्या पायाचा आमच्या घरात सगळ्यांना अभिमान होता, हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाजीच्या वाफ्यात चप्पल घालून जायचं नाही, ही आमची चाल. आजोबांपासूनची. ज्या मातीतली भाजी लोकांच्या ताटात जाते तिच्यावर चामडं, रबर ठेवायचं नाही. चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर काढायच्या, वाकून मातीला हात लावायचा आणि मग आत. ज्याला ढेकूळ टोचतं तो कास्तकार कसला, असं बाबा म्हणायचे. मी लहानपणी उन्हाळ्यात त्या वाफ्यांतून पाय उचलत, उड्या मारत पळायची आणि सगळे मला हसायचे. दादा मात्र भर दुपारीसुद्धा सावकाश चालायचा. वयाबरोबर त्याचे पाय आणखीच मुरले. एकदा बाभळीचा काटा टाचेत दिवसभर राहिला आणि त्याला पत्ताच नाही. संध्याकाळी वहिनीने पाय धुताना पाहिला आणि चिमट्याने ओढून काढला. ही गोष्ट तो लग्नाच्या पंगतीत सांगायचा. लोक त्याच्याकडे कौतुकाने बघायचे. त्याला पुष्कळ वर्षांपासून शुगर होती, गोळी आठवली तर घ्यायचा, पण काटा आणि शुगर ह्या दोन गोष्टी आमच्यापैकी कुणी एका ओळीत ठेवल्या नाहीत. ठेवणार कशा? एक दुखणं होतं आणि दुसरी बहादुरी.

नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की आमच्याकडे दुपारचे रस्ते मोकळे होतात. कुत्री नालीत उतरून बसतात. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा घालून जे बाहेर पडतात त्यांना एक तर नोकरी असते नाहीतर ओलीत असतं. दादाला ओलीत होतं. वीज दुपारीच येणार आणि तेवढ्यात पालकाला पाणी द्यायचं. त्या दिवशी वीज आली, पण मोटर उचलेना. दादा वाफ्यातून तसाच अनवाणी विहिरीपाशी गेला. स्टार्टरची पेटी खांबावर, आणि तिच्याखाली पावसाळ्यात चिखल होतो म्हणून टाकलेला टिनाचा पत्रा. त्या पत्र्यावर उभा राहून त्याने पेटी उघडली, तारा सोडवल्या, घासल्या, पुन्हा बसवल्या. किती वेळ लागला, त्याला सांगता येत नाही. मोटर सुरू झाली, पाणी धावलं, तो खूश झाला. पालक वाचला म्हणाला. तो पालक पुढे वहिनीने विकला.

घरी आल्यावर वहिनीला फरशीवर ओल्या पावलांची रांग दिसली. नुकतंच झाडणं-पुसणं केलेलं, म्हणून ती वैतागली, पाय तरी पुसून यायचं होतं म्हणाली. दादा म्हणाला, "मी पाण्यात गेलतोच नाई." वहिनीने हे मला कितीतरी वेळा सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी ती इथेच थांबते. पुढचं मलाच मनाशी म्हणावं लागतं. ते पाणी नव्हतं. तळव्यांना आलेले फोड फुटून वाहत होते, आणि तो त्यांच्यावरून चालत घरभर फिरला होता, माठातलं पाणी प्यायला, देवापुढे उभा राहिला, जेवायला बसला.

घरच्या घरी जे करतात ते सगळं केलं. कोरफड, हळद, शेजाऱ्यांनी आणलेलं कसलंसं मलम. वर फडकं. आणि त्या फडक्यावर तो चालत राहिला, कारण दुखत नव्हतं. डावा पाय आपोआप सुकत गेला. उजवा नाही. बाजाराच्या दिवशी दादा आला नाही, वांगी आली नाहीत, तेव्हा मी फोन केला. थोडंसं पोळलं, म्हणाला. पुढच्या बाजारालाही तो आला नाही, तेव्हा मी दुकान बंद करून हिंगणीला गेले. बसमध्ये खिडकीच्या लोखंडी दांड्याला हात लागला आणि मी चटकन मागे घेतला. हात मागे घेणं किती आपोआप होतं, ह्याचा विचार मी तोवर आयुष्यात केला नव्हता.

दारातच वास आला. दादा बाजेवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होता, चेहरा अगदी टवटवीत. टाच मात्र काळी निळी, तिच्याभोवती पाय सुजलेला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता सेवाग्रामला चल. तो माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला की जणू मीच आजारी आहे.

"दुखत नाई त दवाखान्यात कायले जाऊ, बाई?"

मी त्याला माझ्या धंद्याच्या भाषेत सांगून पाहिलं. म्हटलं, दादा, तार तुटली आहे. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नसतं. तिथून निरोपच येत नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मशीनचं मशीनजवळ ठेव म्हणाला. मी रागावले, ओरडले, आईची शपथ घातली. तो शेंगा सोलत राहिला. शेवटी वहिनी उठली. तिने त्याचा हात धरला आणि त्याच्याच पायावर ठेवला. त्याच्या पायाला जे कळत नव्हतं ते त्याच्या बोटांना कळलं. बोटं तिथेच राहिली. बराच वेळ तो स्वतःच्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसा बघत होता. मग म्हणाला, गरम आहे. आणि कपडे भरा म्हणाला.

सेवाग्रामच्या दवाखान्यातली डॉक्टर पोरसवदा होती, माझ्या भाचीच्या वयाची, फार मायेने बोलणारी. तिने ड्रेसिंग केलं, रक्त पाठवलं, आणि मग एक नायलॉनचा बारीक धागा घेतला, मासे धरायच्या गळाला असतो तसा. दादाला म्हणाली, काका, डोळे मिटा, पायाला काही लागलं की हो म्हणा. दादाने डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि ताठ बसला. तिने अंगठ्याखाली धागा टेकवला. हो, दादा म्हणाला. मधल्या बोटाशी टेकवला. हो. टाचेच्या वर टेकवला. हो, हो. मला हायसं वाटलं. मग ती थांबली. धागा हवेतच धरून ती नुसती उभी राहिली, कुठेच काही टेकवलं नाही.

"हो," दादा म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. असा सरळ, शहाणा आकडा देणारी जागा मी त्या उन्हाळ्यात कितीतरी बोर्डांवर पाहिली होती. पाहिल्या पाहिल्या ओळखावी इतकी ती माझ्या सरावाची झाली होती, आणि इथे मी घटकाभर तिच्यावर विश्वास ठेवून बसले होते.

नंतर व्हरांड्यात मी त्याला विचारलं, लागत नव्हतं तर हो काऊन म्हणत होतास. तो पाणी पीत होता. तांब्या खाली ठेवून म्हणाला, "नाई म्हटलं असतं त पाय कापला असता ना." त्याला वाटत होतं ही परीक्षा आहे, आणि पास झालं की पाय आपल्याजवळ राहील. डोळे मिटून तो डॉक्टरच्या श्वासाचा, बांगडीचा आवाज ऐकत होता आणि अंदाजाने उत्तरं देत होता. मला रडू आलं. दवाखान्यात रडणाऱ्याकडे कुणी बघत नाही, ती एक सोय असते.

पुढचा सगळा काळ तो पाय राहील की जाईल ह्या एकाच प्रश्नाभोवती फिरला. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. रोज धुणं, रोज मेलेलं कातडं काढणं, इंजेक्शनं, शुगर खाली आणणं. वहिनी खाटेखाली चटई टाकून राहायची. मी सकाळी डबा घेऊन जायची, दुपारी दुकान उघडायची, संध्याकाळी पुन्हा. भेटायला येणाऱ्यांची रीघ. ज्याला त्याला एक उपाय माहीत, ज्याच्या त्याच्या मामेसासऱ्याचा पाय कुठल्याशा पानाने वाचलेला. मी सगळ्यांना हो म्हणायची. वाद घालायची ताकद नव्हती आणि एखादं पान खरंच निघालं तर, अशी भीतीही होती. माणूस असाच होतो. एरवी मी भुताखेतावर विश्वास ठेवत नाही.

आणि दुपारी दुकानात बसून मी बोर्ड जुळवायची. एवढे बोर्ड मी एका हंगामात कधीच जुळवले नव्हते. हात थांबला की डोकं चालू व्हायचं, म्हणून हात चालू ठेवायचे. ह्या कामात एक मोठं समाधान असतं. कितीही मुका बोर्ड असू दे, एका जागेला ऊब द्यायची, दुसरी थांबवायची, हळूहळू तो सगळं सांगतो. घाई करायची नाही, एका वेळी एकच जागा तपासायची, शेवटी प्रत्येक आकड्याला त्याची जागा मिळते. मग फाइल जपून ठेवायची, उद्या कुणाकडे तोच बोर्ड आला तर त्याचे कष्ट वाचतील. दादासाठी कुणाची फाइल आणणार होते मी? त्याच्यासारखा दुसरा दादा कुठे बनवला होता? ड्रायर टेबलावर पडलेला असायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायची. इतकं ज्ञान हाताशी, आणि त्यातलं कणभरही सेवाग्रामपर्यंत नेता येत नव्हतं.

बोटं आधी गेली. दादा म्हणाला, बोटांवाचून काही अडत नाही, चप्पल नाहीतरी मी घालतच नाई. वॉर्डातले सगळे हसले. एका दुपारी मी तिथे व्हरांड्यात असताना स्टुडिओवाल्याचा फोन आला. त्याचा आवाज आनंदाने चढलेला. मॅडम, तुम्ही बसवलं ते आज ओरडलं, पंखा अडकला होता, वेळेवर बंद केली, सगळ्या लग्नांचे फोटो वाचले. मी बरं झालं म्हटलं आणि फोन ठेवला. खरं सांगू? मला त्या मशीनचा हेवा वाटला. चार पत्र्यांच्या त्या डब्याला ओरडता आलं, आणि माझा भाऊ तापलेल्या टिनावर उभा राहून वाकून तारा घासत होता. आत डॉक्टर वहिनीला समजावत होती की आता गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. सही करायला माझी वाट बघत होते.

दादा फक्त म्हणाला, दुखत त अजूनही नाई.

हे सगळं मागच्या वर्षीचं. मधे पाऊस आला, दिवाळी आली, थंडी आली, लोकांच्या तोंडची चौकशी बदलली. आधी कसं झालं विचारायचे, मग कसं चाललंय, आता विचारत नाहीत. जमीन दादाने ठेक्याने दिली, थोडी वहिनीने ठेवली. ती वाफ्यात जाते तेव्हा पायात बंद बूट घालते. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी चपलेसकट त्या मातीत उतरलं आहे. ती खाली वाकून हात लावते, माफी मागितल्यासारखा, आणि जाते. दादा धुऱ्यावरच्या खुर्चीवरून बघतो आणि नजर फिरवतो. मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ह्या महिन्यात नकली पायाचं माप द्यायला तो आणि वहिनी माझ्याकडे राहायला आले आहेत. मी दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची गादी घातली आहे, कूलर त्याच्याकडे वळवला आहे. आज सकाळी जे झालं ते इतकं साधं सुरू झालं की लिहावं की नाही असं वाटतंय. मी एका कोचिंग क्लासचा बोर्ड उघडून बसले होते. आतून दादाने हाक मारली. मला वाटलं पाणी हवं असेल. आत गेले तर तो उशीला टेकून, दात आवळून बसला होता, कपाळावर घाम, दोन्ही हातांनी चादर मुठीत धरलेली. असा चेहरा मी त्याचा कधीच पाहिला नव्हता, ना काट्याच्या वेळी, ना फोडांच्या, ना बोटांच्या.

"बाई, टाच पोळून राह्यली," तो म्हणाला. "आग होते व. टिनावर उभा केल्यासारखी."

मी म्हटलं, कुठली, डावी? त्याने मान हलवली. उजवी.

वहिनी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिच्यासाठी हे नवं नव्हतं. हिवाळ्यापासून हे असंच चाललंय म्हणाली, मधूनच येतं, डॉक्टर म्हणतात होतं असं, डोक्याला अजून पाय आहे असंच वाटत राहतं, गोळ्या दिल्या आहेत. मला का नाही सांगितलं, मी विचारलं. काय सांगू, म्हणाली, नसलेल्या पायाचं. मग तिने कोपऱ्यातल्या बादलीत दुपट्टा बुडवला, पिळला आणि माझ्या हातात दिला. तिने चुलीवर दूध ठेवलं होतं, ती तिकडे गेली.

मी गादीच्या पायथ्याशी बसले. दादाचा उजवा पाय गुडघ्याच्या खाली थोडा येऊन संपतो. त्याच्यापुढे नुसती चादर, फुलाफुलांची, धुवून धुवून विटलेली. ओला दुपट्टा हातात घेऊन मी तशीच थांबले. कुठे ठेवायचा ते कळेना.

"मले समजते बाई, तिथं काई नाई," दादा डोळे मिटून म्हणाला. "पण पोळते."

मी दुपट्ट्याच्या दोन घड्या केल्या आणि चादरीवर ठेवला, अंदाजाने, तळवा असता तिथे. वरून हाताने दाबला. गादी ओली होऊ लागली. दादाचा श्वास जरा लांबला, मुठी तशाच राहिल्या.

"थोडं खाली," तो म्हणाला. "टाच खाली आहे."

मी दुपट्टा थोडा खाली सरकवला.